युरोपच्या राजघराण्यात सोयरीक जमवताना

अमेरिकेतलं स्थळ आता कुणालाही मिळतं. तेव्हा तुम्ही एक पायरी वर चढून मुलीसाठी (किंवा मुलासाठी, तिकडे सूनही हवी असते आणि जावईही) थेट युरोपचं राजघराणं बघायचं ठरवलंत, हे उत्तम झालं. फक्त उशीर करू नका. घरं फार उरलेली नाहीत. ब्रिटन, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन ही सात राज्यं, आणि लक्झेंबर्ग, मोनाको, लिख्टेनश्टाइन ही तीन छोटी संस्थानं. ग्रीस, रुमानिया, इटलीकडूनही पत्रिका येईल, कागदावर मुकुटही छापलेला असेल, पण ती मंडळी केव्हाच माजी झाली आहेत. आडनाव भारी, सातबारा कोरा. तिथे हो म्हणण्याआधी चार ठिकाणी चौकशी करावी.

राजवाड्यावर बायोडेटा पाठवून काही होत नाही, हे आधीच सांगतो. गाठ पडावी लागते. स्वीडनचा तेव्हाचा युवराज कार्ल गुस्ताफ १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला गेला, आणि तिथे पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या सिल्व्हियाशी त्याची गाठ पडली. डेन्मार्कचा फ्रेडरिक २००० च्या सिडनी ऑलिंपिकला गेला, तिथल्या ‘स्लिप इन’ नावाच्या पबमध्ये मेरी डोनाल्डसन भेटली. आज त्या दोघी आपापल्या देशाच्या राण्या आहेत. ऑलिंपिकला मुलीला खेळाडू म्हणूनच पाठवलं पाहिजे असं नाही, हे यावरून ध्यानात यावं. मुलाच्या बाबतीत तर आणखी सोपं आहे. स्वीडनची युवराज्ञी व्हिक्टोरिया हिने २०१० मध्ये आपल्या जिमच्या प्रशिक्षकाशी, डॅनियल वेस्टलिंगशी लग्न केलं. तेव्हा मुलगा अभ्यास सोडून दिवसभर जिममध्ये पडलेला असतो म्हणून त्याच्यावर ओरडू नका. तो करिअरच करतोय.

पण रूप, शिक्षण, पब, जिम हे सगळं पुढचं. या सोयरिकीत खरं जुळावं लागतं ते साल. ग्रह राहू द्या, सन बघा. तीच सून एका साली घराण्याला बट्टा असते आणि दुसऱ्या साली तिच्या फोटोचं टपाल तिकीट निघतं.

स्वीडनचंच घ्या. १८१० च्या त्यांच्या वारसा कायद्यात कलम होतं की राजपुत्राने साध्या माणसाच्या मुलीशी लग्न केलं, की गादीवरचा त्याचा हक्क संपला. १९३२ मध्ये लेनार्टने असं लग्न केलं, पदवी गेली. १९३४ मध्ये त्याचा चुलतभाऊ सिगवार्डने केलं, त्याचीही गेली. हा सिगवार्ड पुढे नावाजलेला डिझायनर झाला. पीठ-अंडी घुसळायचं एक भांडं त्याच्या कार्यालयातून निघालं, त्याला नाव दिलं मार्ग्रेथे, डेन्मार्कच्या भाचीचं. भाची राणी झाली, भांडं घरोघरी गेलं, मामा राजपुत्र काही परत झाला नाही. १९८३ पासून तो स्वतःच स्वतःला प्रिन्स म्हणवून घेऊ लागला आणि २००२ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, राजवाड्याने ते न मानताच वारला.

त्याचा धाकटा भाऊ बर्टिल हे सगळं बघत होता. १९४३ मध्ये लंडनमध्ये त्याला लिलियन भेटली होती. वेल्सची, साध्या घरातली, आणि आधीच लग्न झालेली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सगळे दोष एकत्र. त्यात १९४७ मध्ये थोरला भाऊ विमान अपघातात गेला. मागे राहिलेला वारस नऊ महिन्यांचाही नव्हता. पुतण्या मोठा होईपर्यंत कारभार बघायला घरात कुणीतरी हक्क शाबूत असलेला काका हवा होता, आणि तो बर्टिल. म्हणून त्याने लग्न केलं नाही. दोघं एकत्र राहत, लोकांना ठाऊक असे, पण समारंभात लिलियन त्याच्या शेजारी नसे. पुतण्या १९७३ मध्ये राजा झाला, त्यामुळे परवानगी मागायला त्याच्या वर कुणी उरलंच नाही, आणि १९ जून १९७६ ला त्याने सिल्व्हियाशी, एका व्यावसायिकाच्या मुलीशी, थाटात लग्न केलं. आदल्या रात्री ‘अॅबा’ या स्वीडनच्याच पॉप गटाने गाणं म्हटलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने काकांनाही परवानगी दिली. नवरदेव ६४, नवरी ६१. तुमच्याकडे साखरपुडा होऊन आठ महिने झाले आणि हॉल मिळत नाही म्हणून जीव खालीवर होतोय, तर या दोघांचा फोटो फ्रीजवर लावा.

(नॉर्वेचा हाराल्ड त्यामानाने सुटला. कापडविक्रेत्याच्या मुलीसाठी त्याला नऊच वर्षं थांबावं लागलं.)

ब्रिटनमध्ये हा सगळा इतिहास एकाच घरात बघायला मिळतो. तिसऱ्या जॉर्जच्या भावाने परस्पर एका विधवेशी लग्न केलं, त्या रागात १७७२ मध्ये कायदा झाला की राजवंशातल्या कुणीही गादीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय लग्न करायचं नाही. पुढे १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या धाकट्या बहिणीला, मार्गारेटला, पीटर टाउनसेंडशी लग्न करायचं होतं. हवाई दलातला अधिकारी, युद्ध गाजवलेला, तिच्या वडिलांच्या पदरी राहिलेला. दोष एकच, घटस्फोटित. त्याची बदली ब्रसेल्सला झाली, तिला पंचविशीपर्यंत थांबायला सांगितलं. पंचविशी आली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला तिने चर्चच्या शिकवणीचा आदर राखून आपण हे लग्न करणार नसल्याचं जाहीर केलं. त्या वेळचे पंतप्रधान अँथनी ईडन स्वतः घटस्फोटित होते आणि दुसरं लग्न करून डाउनिंग स्ट्रीटवर सुखाने नांदत होते. देश चालवायला चालतं ते राणीचा मेहुणा व्हायला चालत नाही, हे त्यांनाही पटलं असावं.

आता साल बदला. २००५ मध्ये मार्गारेटचा भाचा चार्ल्स, स्वतः घटस्फोटित, घटस्फोटित कॅमिलाशी लग्न करतो. अडचणी आल्या, नाही असं नाही, पण त्या कुठल्याही मंगल कार्यालयात येतात तशा. लग्न विंडसर किल्ल्यात लावायचं होतं. त्यासाठी परवाना लागतो, आणि परवाना घेतला की पुढची तीन वर्षं कुणाही जोडप्याला तिथे लग्न लावू द्यावं लागतं, हे कळल्यावर वऱ्हाड मुकाट्याने गावातल्या गिल्डहॉलमध्ये गेलं. तारीख ८ एप्रिलची धरली होती, तर नेमका त्याच दिवशी पोपचा अंत्यविधी आला, म्हणून ९ ला ढकलली. नवरदेवाची आई नोंदणीला गेली नाही, नंतर चर्चमधल्या आशीर्वादाला आली. तिथे वधूवरांनी आपल्या अनेक पापांची आणि दुष्टपणाची जाहीर कबुली दिली. आपल्याकडे सत्यनारायणावर भागतं. आणि २०१८ मध्ये हॅरीने घटस्फोटित मेगनशी लग्न केलं, तेव्हा तर खुद्द कँटरबरीचे आर्चबिशप चर्चमध्ये उभे राहून ते लावत होते. मार्गारेट २००२ मध्येच गेली होती.

तेव्हा नियम मोडणाऱ्यांत पहिला नंबर लावू नका. दुसराही नको. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड घटस्फोटित वॉलिस सिम्पसनसाठी पहिला निघाला, तर १९३६ मध्ये गादी सोडून त्याला पुढच्या जूनमध्ये फ्रान्समधल्या एका परक्या वाड्यात बोहल्यावर चढावं लागलं, आणि घरचं कुणी फिरकलं नाही. तुम्ही आरामात तिसऱ्या-चौथ्या नंबरला या. आता तर २०१३ च्या कायद्याने परवानगी फक्त गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांनाच लागते. सातव्याला कुणाला विचारायचं काम नाही. पण सातव्यात तुम्हाला रस नसणार.

मानपानाची बोलणी मात्र लेखी करून घ्या. नेदरलँड्समध्ये मुलाच्या लग्नाला संसदेची मंजुरी लागते. विलेम-अलेक्झांडरने अर्जेंटिनाची माक्सिमा पसंत केली, संसदेने मुलगी पास केली, पण तिचे वडील हुकूमशहा व्हिडेलाच्या सरकारात मंत्री होते. ठरलं असं की मुलगी यावी, वडिलांनी येऊ नये. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमला लग्न लागलं तेव्हा चर्चमध्ये अर्जेंटिनाची एक धून वाजली आणि नवरी सगळ्या जगासमोर रडली. कन्यादानाला बापच नाही, हे आपल्याकडच्या सगळ्यात खवट विहीणबाईंनाही सुचलं नसतं. १९४७ मध्ये एलिझाबेथच्या लग्नात फिलिपच्या सख्ख्या बहिणींना बोलावणं नव्हतं, कारण त्या जर्मनांच्या घरात दिलेल्या होत्या. ऑस्ट्रियाचा फ्रान्झ फर्डिनांड याची बायको सोफी तर सरदारघराण्यातली होती, पण ते घराणं पुरेसं वरचं नव्हतं. २८ जून १९०० ला त्याला शपथेवर लिहून द्यावं लागलं की हिच्या मुलांना गादी मिळणार नाही. दरबारात ती नवऱ्याशेजारी बसू शकत नसे. परगावी लष्करी कामावर तो असला की तिला शेजारी बसता येई, म्हणून ती त्याच्याबरोबर सारायेव्होला गेली. तारीख २८ जून, साल १९१४. पुढचं शाळेत शिकला आहात. व्हिएन्नात दोन शवपेट्या शेजारी ठेवल्या, तेव्हाही तिची खालच्या उंचीवर होती.

साखरपुड्याच्या मुलाखतीत जपून. १९८१ मध्ये चार्ल्सला विचारलं, प्रेमात आहात का? डायना म्हणाली, अर्थात. तो म्हणाला, ‘प्रेम म्हणजे जे काही असेल ते.’ त्यावर मुलीकडच्यांनी उठून यायला हवं होतं, पण पत्रिका छापून झाल्या असाव्यात. उलट स्पेनची लेतिसिया टीव्हीवर बातम्या देणारी. २००३ मध्ये पत्रकारांसमोर युवराज मध्येच बोलू लागला तर म्हणाली, मला पुरतं बोलू दे. आज राणी आहे. अंगठी जुनी मिळाली तर नाक मुरडू नका. डायनाचीच नीलमची अंगठी २०१० मध्ये केटच्या बोटात आली. मोडून नवीन घडवू म्हणायचं नाही.

आता देणंघेणं. इथे लाजू नका, कारण या बाबतीत आपल्याला, म्हणजे मुंबईकरांना, जुना अनुभव आहे. आपण स्वतःच हुंड्यात गेलेलो आहोत. १६६१ मध्ये इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची कॅथरीन यांची याद झाली. मुलीकडच्यांनी लिहून दिलं: वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेतलं टँजिअर, आणि मुंबई बेट. नवरीला न्यायला इंग्रज आरमार लिस्बनला पोचलं, तर रोख पुरी नव्हती. बऱ्याच रकमेच्या बदल्यात साखर आणि मसाले चढवले. राजाला नवरी मिळाली, आणि किराणाही.

मुंबईचा ताबा घ्यायला अब्राहम शिपमन चारेकशे शिपाई घेऊन १६६२ मध्ये आला. पोर्तुगीजांनी कागदात खोट काढली आणि ताबा दिला नाही. इंग्रज म्हणत होते, मुंबई म्हणजे साष्टी-ठाणंही आलं. मुलीकडचे म्हणत होते, एक बेट म्हटलं होतं, एकच मिळेल. (साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली. त्यांनी लग्नाची वाट बघितली नाही.) वाद मिटेपर्यंत वऱ्हाड कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरवलं. तिथे रोगराईने शिपमनसकट बहुतेक सगळे मेले. १६६५ मध्ये हम्फ्री कुकने उरल्यासुरल्या शंभरेक माणसांनिशी मुंबई ताब्यात घेतली. तीन वर्षांनी राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. आज तुम्ही त्याच बेटावर पार्किंगसाठी किती मोजता, ते इथे लिहीत नाही. आणि नवरी? चार्ल्सने आपल्या प्रेयसीलाच तिची सखी म्हणून नेमलं. ओळख करून दिली तेव्हा कॅथरीनच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. इतका हुंडा दिल्याचा हा परिणाम.

वराचं कर्ज किती, हेही विचारा. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाने १७९५ मध्ये आपल्या आतेबहिणीशी, कॅरोलिनशी, लग्न केलं ते संसद कर्ज फेडेल म्हणून. मुलगी पहिल्यांदा बघितली आणि म्हणाला, मला बरं वाटत नाही, ब्रँडीचा पेला आणा. कांदेपोहे पुढे येण्याआधीच हे झालं. १८२१ मध्ये त्याच्या राज्याभिषेकाला ती वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारोदार फिरली, कुणी आत घेतलं नाही. तीन आठवड्यांत वारली.

आणि जमलं नाहीच, तर जर्मनीतल्या क्लीव्हजची ॲन आदर्श ठेवा. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने तिचं चित्र बघून होकार कळवला होता. जानेवारी १५४० मध्ये लग्न झालं, प्रत्यक्षात मुलगी चित्रासारखी वाटेना, जुलैत लग्न रद्द. कागद समोर आला तसा तिने मान्य केला. रडारड नाही, माहेरची माणसं बोलावणं नाही. रिचमंडचा राजवाडा मिळाला, हेव्हरचा किल्ला मिळाला, ‘राजाची लाडकी बहीण’ ही पदवी मिळाली, आणि ती हेन्रीच्या मागे दहा वर्षं जगली. लग्न जमवणाऱ्या थॉमस क्रॉमवेलचं मात्र २८ जुलैला डोकं उडवलं. त्याच दिवशी राजाने पुढचं लग्न केलं. तेव्हा तुम्हाला हे स्थळ ज्या मामांनी सुचवलंय, त्यांचे पैसे आगाऊच देऊन टाका.