स्वस्त वॉकी-टॉकी पारखण्याचा राजमार्ग

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना काढून हौसेखातर रेडिओवर बोलण्याच्या नादाला लागलात, अभिनंदन. आता एखादा स्वस्तातला हँडसेट घ्यायचा आणि त्यावर अधिकारवाणीने मत ठोकायचं, हे ओघाने आलंच. त्यासाठी रेडिओ कळायला हवा असं काही नाही. खोकं नीट उघडता आलं म्हणजे पुरे.

सुरुवात टॉर्चपासून करा. २०१२ साली बाओफेंगचा यूव्ही-५आर हा स्वस्त हँडसेट आला आणि डोक्यावरचा छोटा दिवा ही या वर्गाची जणू कुळखूण झाली. त्याची चाचणी सोपी आहे: पेटतो की नाही. पेटला तर ‘बांधणी भक्कम’ असं लिहून टाका. मग एफएम लावा. गाणी वाजली की ‘रिसेप्शन उत्तम’. बटण दाबल्यावर आतली बाई ‘चॅनेल मोड’ म्हणाली तर आणखी एक गुण द्या. तिला गप्प कसं करायचं हे शोधण्यात पुढचा आठवडा जातो, तो हिशेबात धरू नये.

मग वॅट, म्हणजे सिग्नल बाहेर फेकायची ताकद. खोक्यावर ८ छापलेले असतील तर ५ वाल्याकडे ढुंकूनही बघू नका. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, ताकद जिरवणारा भार) आणि वॅटमीटर लावून मोजण्याचा आगाऊपणा मात्र नको. मोजलं की आकडे लाजतात. आणि समजा ४ चे खरोखर ८ झाले, तरी वाढ ३ डेसिबलची. ऐकणाऱ्याकडे सिग्नलच्या मीटरवर एक एस-युनिट, म्हणजे एक घर, वाढायला ६ डेसिबल लागतात, म्हणजे तुमची सगळी मर्दुमकी अर्ध्या युनिटाची. अर्थात बऱ्याच स्वस्त संचांवरचा मीटर एकतर पूर्ण भरलेला असतो नाहीतर रिकामा, त्यामुळे समोरच्याकडेही तोच संच असेल तर हे कुणाला कळायचं नाही.

पल्ला तपासायला तळमजल्यावर उभे राहा. दीड मीटर उंचीवर धरलेल्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज (सिग्नल जमिनीवर थेट पोचतो ती हद्द) साधारण ५ किलोमीटरवर असतं, तेही मध्ये भिंती नसतील तर. सपाट प्रदेशात १०० मीटर उंच टेकडीवर गेलात तर ते ४१ किलोमीटरवर जातं. या हिशेबात वॅट कुठे येतच नाहीत, म्हणून तो करायचा नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटरवरून जातं आणि त्यावरचा हॅम रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं दुसरीवर पुन्हा सोडणारा संच) चालू असला की ५ वॅटच्या हँडसेटवरून लोक १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलतात आणि ४३७.८०० वर ऐकतात. तोच हँडसेट मागच्या इमारतीपर्यंत पोचत नाही. दोष रेडिओचा आहे असं ठामपणे लिहा. मध्ये उभ्या असलेल्या इमारतीवर कोण कशाला लिहील?

अँटेना खोक्यात आली तीच ठेवा. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंग म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास होतो आणि तुमच्या हातात आहे वीतभर रबर. काही जुने हॅम अँटेनाच्या बुडाशी पाव तरंगाएवढ्या लांबीची साधी वायर शेपटासारखी लोंबकळत सोडतात आणि सिग्नल सुधारला म्हणतात. (सुधारतो. मी करून पाहिलंय. पण फुकटची गोष्ट परीक्षणात शोभत नाही.)

रिसीव्हरची परीक्षा शांत खोलीतच घ्या. यातले बरेचसे संच एका चिपवर चालतात, पुढे गाळणी जेमतेम. जवळ एखादा दणकट ट्रान्समीटर असला की ते बहिरे होतात. तुम्ही हाक मारताय, रिपीटर उत्तर देतोय, संच आपला समाधिस्थ. गंमत म्हणजे ज्या टेकडीवर पल्ला मिळतो, तिथेच टॉवरही उभे असतात. तेव्हा टेकडीवर जाऊ नका. दोन संच टेबलावर शेजारी ठेवा, एकात बोला, दुसऱ्यात ऐका. आवाज खणखणीत येईल, याची हमी मी देतो.

हार्मोनिक्सचा, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पटीवर होणाऱ्या गळतीचा विषय कुणी काढलाच तर घड्याळ बघा. १४५ वर बोलताना खराब फिल्टरचा संच २९० आणि ४३५ वरही थोडं थोडं बोलतो, आणि ४३५ पासून पुढे हॅम उपग्रहांची पट्टी सुरू होते. ब्रँड तोच, मॉडेल तेच, तरी एक नग स्वच्छ आणि दुसरा गळका निघू शकतो. हे बघायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) लागतो आणि तो संचाच्या कित्येक पट महाग. ज्या गोष्टीची तपासणी वस्तूपेक्षा महाग, ती गोष्ट नसतेच असं समजून चालावं.

प्रोग्रॅमिंग हातानेच करा. रिपीटरची फ्रिक्वेन्सी, ६०० किलोहर्ट्झचा शिफ्ट (बोलायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), टोन (रिपीटर उघडणारा सूर), मग मेमरीत साठवणं. टोन विसरलात की पुन्हा पहिल्यापासून. केबल आणि चर्प हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं तर काम मिनिटांत होतं आणि ‘मेनू किचकट’ हा हक्काचा परिच्छेद हातचा जातो. १२८ चॅनेलपैकी ३ भरले की ‘मेमरी भरपूर’.

एवढं झाल्यावर एखादा खवचट विचारेलच, बोललात किती जणांशी? त्याला सांगा, परवान्याची परीक्षा अजून द्यायची आहे. कॉल साइन (परवान्यासोबतचं ओळखनाव) मिळाल्याशिवाय पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबता येत नाही. टॉर्चला परवाना लागत नाही.