कूपरला नावं ठेवणाऱ्यांसाठी

कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. फळ्या तापवून वाकवायच्या, लोखंडी कड्या ठोकून घट्ट बसवायच्या, थेंबसुद्धा गळता कामा नये. या धंद्यावरून इंग्लंडात आडनाव पडलं आणि आता तेच आडनाव आमच्या भाचीच्या बाळाचं नाव झालंय. भाची डॅलसला, जावई अमेरिकन.

इकडे फॅमिली ग्रुपवर कल्ला. "विलेपार्ल्याच्या हॉस्पिटलवरून ठेवलं का?" इथपासून "काहीतरी अर्थपूर्ण ठेवायचं, विहान वगैरे" इथपर्यंत. पिंप बनवता येणं याला अर्थ नाही, असं का वाटावं बुवा?

आडनाव पुढे आणून नाव करायची तिकडची रीत जुनी आहे. खानदानी घरांत आईच्या माहेरचं आडनाव बुडू नये म्हणून ते मुलाला नाव म्हणून द्यायचे. हल्ली मात्र कारागिरांची आडनावं जोरात आहेत. मेसन म्हणजे गवंडी. २०११ साली अमेरिकेत मुलग्यांच्या नावांत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. टायलर कौलं घालणारा, कार्टर गाडीवान, टेलर तर आपला शिंपीच. टेलर स्विफ्टचं नाव जेम्स टेलर या गायकाच्या आडनावावरून ठेवलेलं आहे.

आता हे मराठीत करून बघा. बारशाला आत्याने बाळाच्या कानाशी वाकून कुर्र केलं आणि नाव सांगितलं, "सुतार". पाठीवर धपाटे घालायचंही विसरतील बायका! आधी हशा, मग शांतता, मग आजीचा चेहरा. त्या हशात जात दडलेली असते, हे एकदा कबूल करून टाकू.

तशी आपल्याला ही नावं परकी नाहीत. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार. हात जोडून घेतो आपण ही नावं. हौसेने मुलाचं नाव ज्ञानेश्वर ठेवतो. पण 'कुंभार' हे पाळण्यातलं नाव? घरातलं कुणी धजणार नाही, आणि खुद्द कुंभार तर नाहीच नाही. त्याला ते आडनावातसुद्धा पुरे झालेलं असतं.

तिकडचा कूपर वकील झाला, नट झाला, पिंपांचा धंदा केव्हाच मागे पडला आणि आडनाव मोकळं झालं. म्हणून ते पाळण्यात घालता येतं. आपल्याकडे माणूस भट्टी सोडून आयटीत जातो, आडनाव तिथेच चिकटून बसतं. पुण्यात भाड्याने फ्लॅट बघायला जा. "पाटील का? कुठले पाटील?" मालकाला गाव नको असतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. उत्तर पसंत पडलं नाही, तर तो फ्लॅट कालच दुसऱ्या कुणाला तरी दिलेला असतो.