रॅपर उलटायचं नाही

डार्क चॉकलेट खाऊन प्रकृती सुधारायची तुम्ही ठरवलीच असेल, तर पहिला नियम पाळा: रॅपरची पुढची बाजूच वाचायची. तिथे सोनेरी अक्षरात 70% लिहिलेलं असतं. पोराला दहावीत सत्तर टक्के पडले की आपण आठवडाभर शेजाऱ्यांची नजर चुकवतो. चॉकलेटला पडले की फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो, खाली कुणीतरी हात जोडतं.

हे सत्तर टक्के कशाचे, असं विचारू नका. विचारलंत तर कळेल की त्यात कोको मास (दळलेली कोकोची बी) आणि वरून घातलेलं कोको बटर (त्याच बीचं तूप) या दोघांची बेरीज आहे. म्हणजे दोन कंपन्यांच्या सत्तर टक्क्यांत एकात कोकोची भुकटी जास्त आणि दुसऱ्यात नुसतं तूप जास्त, असं असू शकतं. उरलेले तीस टक्के? बहुतेक साखर. 80 ग्रॅमच्या बारमध्ये साधारण 24 ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे. पण हे मागच्या बाजूचं झालं.

आमच्या फोंड्याच्या भावोजींचा आदर्श समोर ठेवा. चहा बिनसाखरेचा. चवथीला नेवरी (करंजी) पुढे केली तर अर्धी मोडून परत ताटात ठेवतात, तीही अशा चेहऱ्याने की करणाऱ्या बाईला वाटावं आपण विष घातलंय. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, नारळाचा रस कमी, कारण कोलेस्टेरॉल. रात्री जेवण झालं की टीव्हीसमोर बसून डार्क चॉकलेटचा बार कडाकडा मोडतात आणि बातम्या संपेपर्यंत संपवतात. "हे औषध म्हणून," असं सांगतात. अशा सत्तर-पंच्याऐंशी टक्केवाल्या चॉकलेटच्या 100 ग्रॅममध्ये 600च्या आसपास कॅलरी आणि 40 ग्रॅमच्या वर फॅट असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक सॅच्युरेटेड. ज्या नारळाला त्यांनी घराबाहेर काढलं, त्याचाच हा परदेशी चुलत भाऊ. पण भावोजींना सांगणार कोण? बहिणीने एकदा प्रयत्न केला, तर त्यांनी तिला "अँटिऑक्सिडंट" हा शब्द ऐकवला. त्या शब्दापुढे कुणाचंच चालत नाही.

रॅपरवर एक सर्व्हिंग म्हणजे दोन-तीन वड्या असं छापलेलं असतं. कॅलरी मोजताना तोच आकडा धरायचा. खाताना अख्खा बार धरायचा.

आता न्याय म्हणून सांगतो, तुमच्या बाजूने बोलायला भरपूर माल आहे. 100 ग्रॅममध्ये लोह 12 मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम दोनशेच्या वर, फायबर दहा-अकरा ग्रॅम. हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच फार कामाचं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत कोंड्याची पोळी दारात आणतो, तिच्यातही फायबर असतं. नाचणीच्या आंबिलीत असतं, कुळथात असतं. पण त्यांच्याभोवती सोनेरी कागद नाही. कुळीथ खाताना फोटो कोण काढतो?

रंगाबद्दल शंका घेऊ नका, जितकं काळं तितकं गुणी असंच माना. कोकोच्या बीमधले फ्लॅव्हनॉल, म्हणजे भावोजींचे अँटिऑक्सिडंट, ज्यांच्या जिवावर ही सगळी कीर्ती उभी आहे, ते चवीला कडवट-तुरट असतात. बी आंबवताना काही जातात, भाजताना काही जातात. मग कडवटपणा मारायला कोको अल्कलीत घालतात, तेव्हा उरलेल्यांतले बरेच जातात आणि रंग मात्र छान गडद होतो. म्हणजे कधी कधी सगळ्यात काळी वडी ही सगळ्यात गरीब वडी असते. मागे घटकांत "अल्कलाइज्ड" असा शब्द असेल तर अंगठा त्यावर ठेवा.

कुणी पुरावा मागितला तर 2015 सालचा अभ्यास सांगा: रोज डार्क चॉकलेट खाणारी माणसं डाएटवर लवकर बारीक होतात. जगभर बातम्या आल्या, जर्मनीत तर पहिल्या पानावर. पुढचं सांगू नका. तो अभ्यास जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम भिकार रचला होता. पंधरा माणसं, अठरा मोजमापं, त्यातलं काहीतरी योगायोगाने जुळणारच. आहाराच्या बातम्या किती सहज खपतात ते त्याला दाखवायचं होतं. नंतर त्याने स्वतःच ते जाहीर केलं, पण खुलासा आमच्या भावोजींपर्यंत अजून पोचलेला नाही. खरा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, एकवीस हजारांवर वयस्क माणसांवर. त्यात रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल दिले. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, त्या विकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. इथे थांबा आणि दुसरा बार फोडा. ते फ्लॅव्हनॉल कॅप्सूलमधून दिले होते, बारमधून नव्हे, हे कुणाच्या लक्षात येण्याआधी.

तरीही हात शिवशिवला आणि रॅपर उलटलंच, तर घटकांतल्या कोड आकड्यांना घाबरू नका. 322 म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. त्याच्यापुढे 476 दिसला तर मात्र हात जोडा. पातळ केलेलं चॉकलेट साच्यात सुरळीत वाहावं आणि महागडं कोको बटर कमी लागावं म्हणून घालतात तो हा पदार्थ, आणि तो बनतो एरंडेलातल्या आम्लापासून. लहानपणी आजी नाक दाबून जे पाजायची, पोट साफ होईपर्यंत अंगणात हिंडायला लावायची, ते आता बेल्जियन नाव असलेल्या रॅपरमध्ये दोनशे रुपयांना मिळतं. (पोटावर परिणाम होत नाही. तो हवा असेल तर शुगर-फ्री बार घ्या. त्यातल्या माल्टिटॉलबद्दल तशी सूचनाच मागे बारीक अक्षरात छापलेली असते.)

एरंडेल झालं, आता भिरंडेल. युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय सहा वनस्पती फॅट पाच टक्क्यांपर्यंत चालतात. पाम, शिया, साल वगैरेंच्या त्या यादीत आपल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं तेलही आहे. आमच्या आईकडे त्याचा पांढरा गोळा अजून डब्यात असतो. पावसाळ्यात टाचांच्या भेगांना लावते, लहर आली तर उकड्या तांदळाच्या गरम पेजेवर खवणून घालते. तिला मी ही बातमी दिली. ती म्हणाली, "मग त्यांच्या टाचा काय म्हणतात?"

डिसेंबरात भेट द्यायला "होममेड डार्क चॉकलेट" घ्यायचं असेल तर घटक विचारून यजमानाला लाजवू नका. बहुतेक ठिकाणी बाजारातून आणलेली डार्क कंपाउंडची लादी वितळवून साच्यात ओतलेली असते, वर एक काजू. कंपाउंडमध्ये पहिला मान साखरेचा, दुसरा हायड्रोजनेटेड वनस्पती तेलाचा, कोको रांगेत मागे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, त्यामुळे यादीतलं पहिलं नाव म्हणजे घरचा कर्ता. काजू मात्र अस्सल गोव्याचा, असं समजायला हरकत नाही.

खनिजांत शिसं आणि कॅडमियमही धरा. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका ग्राहक संस्थेने 28 डार्क बार तपासले, सगळ्यांत दोन्ही सापडली. कॅडमियम झाड मुळांतून मातीतलं ओढतं, शिसं बहुतेक बी उघड्यावर वाळत घालताना धुळीतून बसतं. कोको जितका जास्त, तितकी ही शक्यता जास्त. तेव्हा 90 टक्केवाल्याने 70 टक्केवाल्याला हिणवू नये.

राहता राहिलं साठवण. कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उकडतं, म्हणून बार फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. मीही भावोजींचं ऐकून पुरुमेंतीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानाबरोबर चार बार घेतले आणि खालच्या कप्प्यात ठेवले. शेजारी आईची सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, नारळ घालून किसमूर करायला ठेवलेली, पिशवीला गाठ मारलेली, पण सैल. चार दिवसांत तीनदा वीज गेली. बार मऊ झाला, घट्ट झाला, पुन्हा मऊ झाला. उघडला तेव्हा वर पांढुरका थर. ती बुरशी नव्हे, फॅट वर येऊन बसतं, खायला हरकत नसते, असं मी आईला समजावून सांगितलं आणि एक वडी मोडून तिच्या हातात दिली. पण कोको बटर शेजारचा वास चटकन ओढून घेतं, हे मी विसरलो होतो.

तिने वडी नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली आणि विचारलं, "नारळ खवू? किसमूर करूया याची."