तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: फोटो गेले, ती चूक आमची

नमस्कार मॅडम,

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. नॅस बॉक्स, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोटो साठवणारा, राउटरला जोडलेला दोन डिस्कचा डबा, बंद करा. वायर उपटू नका, पुढचं बटण दाबून धरा आणि सगळे दिवे विझेपर्यंत थांबा. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो आपोआप बॉक्समध्ये टाकणारं जे ॲप आम्ही लावून दिलंय, तेही बंद करा. डिलीट केलेला फोटो डिस्कवरून लगेच पुसला जात नाही, त्याची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र हाती काही लागत नाही. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे फोल्डर जाऊन आज सहा दिवस झाले. या सहा दिवसांत घरातल्या चार फोनचे नवे फोटो तिथे येत असणार, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

आता रिव्ह्यूबद्दल. तुम्ही लिहिलंत की सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीच्या फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवरून चुकून डिलीट झालं आणि दोन डिस्क असूनही परत मिळालं नाही. दुकानात फोन केला तर "ही यूजरची चूक आहे" म्हणून ठेवून दिला. टीव्हीवर फोर-के अडकतं, सबटायटल लावली की तर बघायलाच नको. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डिस्क आम्ही महाग माथी मारल्या, वर ४ टीबीच्या दोन घेऊन जागा मिळाली ३.६ टीबी. डिस्कच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही, कारण खाली देतो. पण पहिल्या दोन तक्रारी पूर्णपणे आमच्या पदरात घ्यायच्या आहेत.

काल रात्री तुमचं जॉबशीट काढून बघितलं. बॉक्स जोडला, मिरर लावला, चार फोनवर ॲप टाकलं, टीव्हीवर पिक्चर लावून दाखवला, सही घेतली. रीसायकल बिन चालू केला का, स्नॅपशॉट (ठरावीक वेळेला फाइल जशा होत्या तशी जपलेली नोंद, जिथून मागे जाता येतं) लावले का, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप ठरवून दिला का, याची नोंद नाही. नोंद नाही कारण आमच्या छापील शीटवर तो रकानाच नव्हता. बॉक्स लावायला आलेल्या आमच्या मुलाने शीटप्रमाणे काम केलं. शीट मी बनवलंय.

मिरर म्हणजे अक्षरशः आरसा. तुम्ही हात हलवला की आरशातला हात त्याच क्षणी हलतो. एका डिस्कवर फोटो चढला की दुसरीवर चढतो, आणि एकीवरून डिलीट झाला की दुसरीवरूनही जातो. एक डिस्क जळाली, तर दुसरीवर घर चालू राहतं. मिररचा उपयोग तेवढाच. चुकून पुसलं, व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या, बॉक्सच चोरीला गेला, यातल्या कशातही तो कामाला येत नाही. तुम्ही दुकानात विचारलं होतंत, "दोन डिस्क म्हणजे फोटो सेफ ना?" आणि मी "हो" म्हणालो होतो. मला ते आठवतंय. ते उत्तर अर्धवट होतं, आणि तुम्ही त्या उत्तरावर विसंबून फोनमधले फोटो काढून टाकलेत.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. लॅपटॉपमधली फाइल डिलीट केली की ती विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जाते, पण नॅसवरच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल तिथे जात नाही. ती थेट जाते. बॉक्सचा स्वतःचा रीसायकल बिन असतो, तो त्या त्या फोल्डरला चालू करावा लागतो. एका टिकचं काम. ती टिक असती तर हा रिव्ह्यू लिहायची वेळ तुमच्यावर आली नसती. त्यामुळे "यूजरची चूक" हे वाक्य आमच्या दुकानातून जायलाच नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोन घेणाऱ्याशी मी बोललोय.

टीव्हीचं दुखणं मला निम्मं आमचं वाटतं. तुम्हाला दिलेला बॉक्स बॅकअपसाठी उत्तम आहे, पण त्याचा प्रोसेसर साधा आहे. टीव्हीला जी फाइल जशीच्या तशी वाचता येते ती तो नुसती पुढे पाठवतो, त्यात त्याला काही कष्ट नाहीत. पण ब्लू-रेवरून काढलेल्या फाइलमध्ये सबटायटल बहुतेक वेळा अक्षरं म्हणून नसून चित्र म्हणून असतात. टीव्हीला ती झेपली नाहीत, की बॉक्सला चालू पिक्चरवर ती चिकटवून सगळं नव्याने तयार करावं लागतं. फोर-केला ते त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. सबटायटल लावली की जास्त अडकतं असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून मला हेच दिसतंय. सबटायटलची साधी एसआरटी फाइल (नुसत्या अक्षरांची) पिक्चरच्या शेजारी त्याच नावाने ठेवली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. नवा बॉक्स घ्यायची गरज नाही, आणि मी तो विकणारही नाही.

सबटायटलशिवायही अडकत असेल तर मला वायरचा संशय आहे. बेडरूममधल्या राउटरपासून बॉक्सपर्यंत तुमच्याकडची जुनी लॅन केबल वापरल्याचं शीटवर लिहिलंय. गिगाबिट वेगाला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या आठही तारा लागतात. एक जरी तुटली असेल तरी जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० एमबीपीएसवर येते, आणि कॉपीचा वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायचा तो ११-१२ वर अडकतो. आम्ही वेग मोजून बघायला हवा होता. आणि टीव्हीला केबल लावायचा सल्ला कुणी दिला तर थांबा: बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. हॉलमध्ये राउटरची ५ गिगाहर्ट्झची रेंज चांगली असेल तर वायफायच जास्त वेगवान पडतं. हे घरी येऊनच ठरवता येईल.

आता डिस्क. ऑनलाइन तुम्ही बघितलेली ४ टीबीची डिस्क स्वस्त आहे, खरं आहे. पण ती डेस्कटॉपची एसएमआर डिस्क आहे. एसएमआरमध्ये जास्त जागा मिळावी म्हणून डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. कौलारू छपरातलं मधलं एक कौल बदलायचं तर वरची चार उचलावी लागतात, तसंच तिथे एक फाइल बदलताना शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. रोजच्या वापरात ते कळत नाही. उद्या एक डिस्क गेली आणि नव्या डिस्कवर सगळं पुन्हा लिहायची वेळ आली, की ती रखडते, आणि दुसऱ्या, तेवढ्याच वयाच्या डिस्कवर ताण वाढत राहतो. वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कही एसएमआर आहेत, आणि मग सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकीवर एक न चढवलेल्या, डिस्कना वेगळं नाव दिलं. म्हणजे नॅसच्या डब्यावरचं नाव वाचूनही भागत नाही. तुमच्या दोन्ही डिस्क सीएमआर आहेत. माझ्या घरीही त्याच लावल्यात. या किमतीवर मी ठाम आहे.

३.६ टीबीचा हिशोब मात्र बिल देताना सांगायला हवा होता. मिररमध्ये दोन डिस्कची जागा एकीएवढीच धरतात. आणि कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने, म्हणून ४ टीबी तिथे ३.६३ दिसते.

शनिवारी सकाळी मी स्वतः येतो, त्या मुलालाही घेऊन. दोन्ही डिस्क काढून नेणार नाही. एकच नेईन, तिची हुबेहूब कॉपी करून त्या कॉपीवर फोटो शोधायचा प्रयत्न करीन, मूळ डिस्कला हात लावणार नाही. परत मिळतीलच असं वचन देत नाही. सहा दिवसांत किती जागेवर नवीन लिहिलं गेलंय ते बघितल्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही, आणि कुणी दिलं तर त्याच्या हातात डिस्क देऊ नका. या कामाचे आणि आधीच्या इन्स्टॉलेशनचे पैसे घेणार नाही, घेतलेले परत करतो. रीसायकल बिन आणि स्नॅपशॉट चालू करून देतो. एक यूएसबी डिस्क आमच्याकडून लावतो. तिच्यावर महिन्यातून एकदा कॉपी घ्यायची आणि ती तुमच्या बहिणीकडे किंवा माहेरी ठेवायची, बॉक्सच्या शेजारी नाही. गुरुवारी लाईट जाते तेव्हा बॉक्स एकदम बंद पडतो का, तेही बघून घेतो. पडत असेल तर छोटा यूपीएस लागेल, आणि त्याची यूएसबी वायर बॉक्सला जोडावी लागेल, म्हणजे बॅटरी संपत आली की बॉक्स आपला आपण नीट बंद होईल.

शीटवर आता तीन नवे रकाने छापलेत. गेल्या वर्षभरात आम्ही लावलेल्या सगळ्या बॉक्सच्या ग्राहकांना या आठवड्यापासून फोन करतोय, कारण तुमच्याकडे जे राहिलं ते त्यांच्याकडेही राहिलं असणार.

तोवर एक करता येईल. पंच्याहत्तरीला फोटोग्राफर बोलावला असेल तर त्याला आजच फोन करा, बरेच जण कार्यक्रमाचे मूळ फोटो काही महिने ठेवतात. आणि ज्या नातेवाइकांना तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते त्यांना सांगा, फोन साफ करू नका. तिथले फोटो आकाराने लहान झालेले असतील, पण बाबांचे चेहरे त्यात दिसतील. शनिवारी ते सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करायला मी बसतो.