‘असंच केलंय’ म्हणू नका

मागच्या शुक्रवारी आमच्या डिझाइन स्टुडिओत एका मुलीची नोकरीसाठी मुलाखत घेतली. मूळची सोलापूरची, नुकतंच कॉलेज संपवून पुण्यात आलेली. लॅपटॉपवर तिने पोर्टफोलिओ दाखवला: कॉफी शॉपचं ब्रँडिंग, जेवण मागवायचं अ‍ॅप, चहाचं पॅकेजिंग. सगळं नेटकं. मग बॅगेतून पाण्याची बाटली काढताना एक फुगलेली वही खाली पडली. हे काय म्हणून विचारलं, तर ती चटकन म्हणाली, "काही नाही मॅम, ते असंच केलंय."

वहीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या दुकानांच्या पाट्या होत्या. तिथे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मोठी वस्ती, त्यामुळे काही पाट्यांवर मराठीच्या शेजारी तेलुगूही. तिने फोटो चिकटवले होते आणि बाजूला पेन्सिलीने तीच अक्षरं पुन्हा काढली होती. एकाच पेंटरने एकाच ब्रशने दोन्ही लिप्या लिहिल्या की तेलुगूच्या गोलाईला जरा कोपरे येतात आणि आपला ‘ळ’ नेहमीपेक्षा गोल होतो, हे तिने बाण काढून दाखवलं होतं. मी इतकी वर्षं अक्षरांत काम करतेय, पण ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

आणि ही वही बॅगेत होती. दाखवायच्या यादीत नव्हती.

माझंही एक ‘असंच’ आहे, ते आज सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका फराळाच्या पाकिटाचं काम माझ्याकडे होतं. पाकिटावर ‘पुऱ्या’ हा शब्द. क्लायंटने निवडलेल्या फॉन्टमध्ये आपला हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ नव्हताच, त्यामुळे रफार बसून ‘पुर्या’ झालं. मी सांगितलं. उत्तर आलं, छपाईचे सिलिंडर कोरायला गेलेत, आता बदल नको, वाचणाऱ्याला कळतं. पाकीट तसंच छापलं गेलं. दुकानात ते दिसलं की मी मान वळवायचे.

कळतं कसं? ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. मराठीला तो ‘र’ लागतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची आपली वळणंही हिंदीहून वेगळी, आणि फॉन्ट करणाऱ्याने मराठीची आठवण ठेवली नाही तर आपल्याला हिंदीचीच वळणं मिळतात.

त्या रात्री मी एक वही काढली आणि फक्त तो अर्धा ‘र’ काढायला बसले. कुणी मागितलं नव्हतं. रविवारी सकाळी, घरातले उठायच्या आधी, तासभर. पुढे पाट्यांचे फोटो सुरू झाले. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवलेल्या पाट्या भराभर उतरत होत्या, म्हणून जिथे जाईन तिथे कॅमेरा. कराडला एक वयस्कर पेंटर भेटले. सुताला खडू लावून त्यांनी भिंतीवर दोन ओळी मारल्या आणि सगळी अक्षरं लिहून झाल्यावर शेवटी शिरोरेषा ओढली. मी विचारलं, आधी का नाही? म्हणाले, "ताई, आधी छप्पर घातलं तर माणसं वाकून बसतात." मग ‘सुपाऱ्या’ लिहिताना त्यांनी तो अर्धा ‘र’ ब्रश न उचलता, मनगट नुसतं फिरवून काढला. सुरुवातीला जाड, मध्ये बारीक, शेवटी पुन्हा जाड. मी स्क्रीनवर महिनोन्‌महिने जे जुळवत होते, ते त्यांच्या मनगटात होतं.

आमच्या धंद्यात ‘फायनल’ हा शब्द दुसरं कुणीतरी म्हणतं. क्लायंट, मार्केटिंगवाले, कधी त्यांच्या घरचेही. त्यात गैर काही नाही, पैसे त्यांचे, माल त्यांचा. पण वर्षानुवर्षं असंच चाललं की हे चांगलं झालंय की नाही, हे स्वतःला विचारायची सवय मोडते. समोरचा हो म्हणाला की आपण सुटलो. त्या वहीत मला सोडवणारं कुणी नव्हतं. एक ‘ऱ्य’ मी चाळीसेक वेळा काढला असेल, आणि थांबायचं कुठे हे मलाच ठरवावं लागलं. माझी नजर तयार झाली ती तिथे.

र. कृ. जोशी जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते, आणि त्याच काळात अक्षरांच्या कविता करत होते, सुलेखन करत होते. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. सुलेखनकार अच्युत पालव मोडीच्या जुन्या वळणांत शिरले आणि त्यातून त्यांची मुक्तलिपी ही अक्षरशैली आली. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी जाहिरातीतली नोकरी करता करता रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट करायला घेतले. २०२४ मध्ये ते गेले, पण ती अक्षरं राहिली. मंगल सोडला तर यातलं काहीही कुणाच्या ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटच्या मागणीत, लिहिलेलं नव्हतं.

हल्ली सांगतात, स्वतःचा प्रोजेक्ट करा म्हणजे फॉलोअर वाढतील, कामं मिळतील. मिळतातही. पण त्यासाठीच करायला घेतलं की समोर पुन्हा एक क्लायंट येऊन बसतो. रोज एक अक्षर काढून पोस्ट करायचं, असं ‘३६ डेज ऑफ टाइप’ मीही एकदा केलं. मजा आली. पण ते ३६ म्हणजे इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० अंक. आपली मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं त्यात कुठे बसवणार? देवनागरीला रोज एक पोस्ट हा वेग मानवत नाही. माझ्या मते तिला वर्षं द्यावी लागतात.

सगळ्यांना एवढा वेळ मिळत नाही, हे मला माहीत आहे. लोकलमध्ये रोज तीन तास जाणाऱ्याला रविवारी वही काढ म्हणणं सोपं नाही. म्हणून स्टुडिओ चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आठवड्यातली एक दुपार मुलांना द्या, आणि त्या दुपारी काय केलं ते मागू नका.

त्या वहीतून सुरू झालेला माझा फॉन्ट अजून पुरा झालेला नाही. काही व्यंजनं आणि तो अर्धा ‘र’, एवढंच मनासारखं जमलंय.

त्या मुलीशी पुढचा पाऊण तास आम्ही फक्त वहीवर बोललो. कॉफी शॉप कुणाला आठवलंही नाही. निघताना वही बॅगेत ठेवता ठेवता ती थांबली. म्हणाली, "मॅम, एका पाटीवर तेलुगूच्या डोक्यावर पण शिरोरेषा आहे. फोटो हललाय. दिवाळीत घरी गेले की परत काढते."