ओळख कशी काढावी

ओळख आपोआप होते, असं ज्यांना वाटतं ते नागपूरचे नव्हेत. आमच्याकडे ओळख काढावी लागते, विहिरीतून पाणी काढतात तशी. आणि तीही समोरच्याची दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत.

समजा, तुम्ही सेमिनरी हिल्सवर सकाळी साडेपाचला फिरणाऱ्या आमच्यासारख्या एखाद्या ग्रुपात आहात. तीन दिवसांपासून मरून रंगाच्या कानटोपीतले एक गृहस्थ मागे मागे चालून राहिले आहेत. चवथ्या दिवशी त्यांना मध्ये घ्या. आणि एवढं पाळा: नाव विचारू नका. नावावरून काय कळतं, कप्पाळ?

"कुठले जी तुम्ही?" इथून सुरुवात करा. ते भोळेपणानं "प्रतापनगर" म्हणतील. त्यांना पत्ता कोणी विचारला होता? "तसं नाही, मूळचे?" काटोल म्हणाले, तर तुमचं नशीब उघडलं. "मग संत्रा असेल घरचा! आंबिया बहार घेता का मृग?" हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्या पोटात सगळं आहे. दिवाळीच्या आसपास तोडायचा आंबिया म्हणाले की पाण्यावर या, पाण्यावरून विहिरीवर, विहिरीवरून ती कोणाच्या वाट्याला गेली यावर, आणि तिसऱ्या वळणाला धाकट्या भावाशी बोलणं कधीपासून बंद आहे ते तुमच्या हातात.

आता आडनाव. ते "देशमुख" म्हणाले की कपाळाला हात लावायचा नाही, फक्त जरा सावकाश चालायचं. परगण्याचा वसूल पाहायचा तो देशमुख. हुद्दा ज्या घरात गेला, आडनाव त्या घराला चिकटलं. त्यामुळे देशमुख ऐकून जे कळायला पाहिजे, नेमकं तेच कळत नाही. काय कळायला पाहिजे, ते आपण तोंडानं कधी म्हणायचं नाही. आपण शिकलेसवरलेले. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली ती याच शहरात. दीक्षाभूमीच्या गावात माणसाला जात विचारणं शोभतं का?

म्हणून विचारायचं, "सावजी चालतं का?"

नवख्याला हे जेवणाचं आमंत्रण वाटतं. बिचारे खुशही होतात. सावजी मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं रांधणं: काळपट मसाला, वर तेलाचा तवंग, दुसऱ्या घासाला नाकातून पाणी. पण आपल्याला मटणाशी काय घेणं? "चालतं" म्हणाले तर "घरी का बाहेर?" असं विचारा. "बाहेरच" म्हणाले, तर अर्धा पेपर सुटला. "श्रावण सोडून" म्हणाले, तर पाऊण. आमच्या ग्रुपातले काकाजी एवढ्यावर माणसाची सात पिढ्यांची मांडणी करतात आणि वर म्हणतात, "आपण काही मानत नाही बाप्पा, सहज विचारलं." देशमुखांनी मात्र "मी खातो, बायको खात नाही" असं सांगून काकाजींचा तो दिवस खराब केला. प्रकरण दुसऱ्या सकाळवर गेलं.

सीताबर्डीजवळच्या झिरो माइलच्या दगडावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरं कोरलेली आहेत. काकाजींचंही तसंच आहे. माणूस दिसला की आपल्यापासून तो किती नात्यांवर पडतो, ते मोजायचं. मोर्शीची मावससून, तिची नणंद, नणंदेचे भासरे, पोचले देशमुखांपर्यंत. पोचल्यावर काय करायचं ते कोणालाच ठाऊक नसतं, पण पोचायचं.

बाकी गोष्टी चालता चालता उरकतात. प्लॉट का फ्लॅट. प्लॉट असेल तर सुधार प्रन्यासनं नियमित करायला घेतलेल्या ५७२ ले-आऊटमधला का १९०० मधला, नियमित झाल्याचं पत्र म्हणजे आरएल निघालं का. पेन्शन जुनी का नवी. मुलगा पुण्याला का बंगलोरला; इथेच आहे म्हणाले तर विषय हळूच हवेवर न्यायचा, थंडी यंदा कमीच आहे म्हणायचं.

खरी परीक्षा पोह्यांच्या ठेल्यावर. ठेलेवाला कढईतून पोहे उपसतो, हरभऱ्याची लाल तर्री वरून ओततो, मूठभर कांदा आणि चिवडा टाकतो, पोहे दिसेनासे होतात. ही रीत. त्या दिवशी देशमुख शांतपणे म्हणाले, "तर्री वेगळी द्या."

ठेलेवाल्याचा पळा हवेत थांबला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काटोलचा संत्रा, प्रतापनगरचा प्लॉट, मोर्शीची नणंद, सगळं एका क्षणात संशयात. "पुण्याला होते का तुम्ही?" काकाजींनी दबक्या आवाजात विचारलं, एखाद्याला कावीळ होऊन गेली का विचारावं तसं. देशमुख हसले आणि द्रोणातल्या तर्रीत बोट बुडवून जिभेला लावलं. त्या दिवसापासून माझ्या फोनात ते "देशमुख तर्री वेगळी" या नावानं सेव्ह आहेत. म्हणजे नाव आहे, नंबर घ्यायचा राहिला.

हे असं तीन महिने. मग एका सोमवारी देशमुख आले नाहीत. मंगळवारीही नाही. "गेले असतील काटोलला, वाटणीचं काही असेल," काकाजी म्हणाले, आणि आम्ही दोन फेऱ्या त्या वाटणीवर काढल्या. आठव्या दिवशी कोणीतरी फोन लावू म्हणालं, तेव्हा नंबर कोणाकडेच नव्हता. प्रतापनगरात घर कुठं, ते ठाऊक नव्हतं. पहिलं नावही. प्लॉटचा आकार मात्र चौघांना पाठ होता: तीस बाय पन्नास.

बावीस दिवसांनी मरून कानटोपी दिसली. चाल मंद झालेली, स्वेटर ढगळ.

"कुठं होते जी?"

"ॲडमिट होतो. बायपास झाली."

"कोणत्या हॉस्पिटलात?"

त्यांनी नाव सांगितलं. काकाजींनी मांडीवर थाप मारली.

"अरे बाप्पा, सांगाचं ना! आपली ओळख आहे तिथं!"