‘वीज आली, मग सौर दिवे कशाला?’

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘घरोघरी वीज पोचली. आता शाळकरी पोरांना सौर दिवे देणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. सहा महिन्यांत ते भंगारात जातात आणि मार्क तर वाढतच नाहीत.’ एका दमात वाचलं की सगळंच खरं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वीज पोचली? २८ एप्रिल २०१८ला मणिपूरचं लेइसांग ग्रीडला जोडलं गेलं आणि देशातलं शेवटचं गावही विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. पण शाळा-पंचायतीसारख्या जागा आणि १० टक्के घरं जोडली की गाव त्या व्याख्येत बसत होतं. पुढे सौभाग्य योजनेतून कोट्यवधी घरांना जोडण्या मिळाल्या, ते काम मोठंच आहे. तरी पावसाळ्यात डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की पाड्यावर चार-चार दिवस अंधार असतो, आणि परीक्षा काही त्यासाठी थांबत नाही.

‘भंगारात जातात’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. माझ्यासमोर आत्ता असाच एक बंद दिवा आहे. मागचे स्क्रू काढले तर बॅटरीची लाल वायर सुटलेली. सोल्डरचा एक ठिपका दिला, दिवा लागला. पाच मिनिटांचं काम, पण ते करणारं माणूस गावात नसेल तर हाच दिवा माळ्यावर धूळ खात पडतो. आयआयटी मुंबईच्या ‘सोल’ उपक्रमाने नेमकं हेच ओळखलं होतं. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशात १० लाख दिवे दिले, ते फुकट नाही, विद्यार्थ्याकडून १२० रुपये घेऊन. दिव्यांची जोडणी स्थानिक लोकांनी शिकून केली, त्यात बायकाही होत्या, आणि दुरुस्तीही तिथल्या तिथेच ठेवली. त्यामुळे ‘वाटले आणि विसरले’ अशा योजनांवर राग असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. राग दिव्यावर काढू नका, एवढंच म्हणणं.

आता मार्क. बांगलादेशातल्या नदीच्या चरांवर, म्हणजे पात्रातल्या वाळूच्या बेटांवर, हे तपासून झालंय: सौर कंदील मिळाल्यावर मुलं सुरुवातीला जास्त वेळ अभ्यासाला बसली, पण परीक्षेतले मार्क वाढले नाहीत. मान्य. मार्कांना शिकवणारं माणूस लागतं, दिवा ते काम करत नाही.

पण सौर दिवा नसेल तर रॉकेलची चिमणी असते. साध्या वातीच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्क्यांची काजळी होते. अक्षरं दिसावीत म्हणून पोर ज्योतीवर वाकतं, ती काजळी थेट नाकात जाते. सौर दिवा आला की निदान हे थांबतं. आमच्याकडे सातच्या सुमाराला आई तो दिवा भाकऱ्या थापायला चुलीपाशी नेते, आणि पोरगी वही घेऊन तिच्या मागोमाग तिथेच जाऊन बसते.